तिच्या चार दांड्या, माझ्या पाच

चारकोपच्या सेक्टरमधल्या आमच्या घरात मोरी एवढीशी, की बादली आणि पाण्याचं पिंप ठेवलं की मला अंग चोरूनच आत जावं लागे. धुणं तिथेच आणि वाळवणंही तिथेच, कारण बाहेर सगळीकडे बांधकामं चाललेली. बाहेरच्या दोरीवरचा पांढरा शर्ट दुपारपर्यंत सिमेंटच्या रंगाचा व्हायचा. म्हणून मोरीत छताजवळ दोन तारा ओढल्या होत्या. टाचा उंचावून मी काठीनं एकेक कपडा वर ढकलायचे, आणि निम्मे माझ्याच डोक्यावर पडायचे.

शेजारणीची मोरीही तेवढीच. एकदा तिच्याकडे विरजण मागायला गेले, तर ती खुंटीची दोरी सोडत होती आणि छतावरून चार दांड्यांची एक चौकट झुलत खाली येत होती. तिनं उभ्या उभ्या धुणं पसरलं, दोरी ओढली, चौकट वर गेली. खाली मोरी रिकामीच्या रिकामी.

"यांनी केलं," ती म्हणाली. "रोज मला काठी घेऊन उड्या मारताना बघायचे ना. मी काही बोललेसुद्धा नव्हते."

माझ्या पोटात दुखलं ते इथे. लाकूड काय, दोरी काय, बाजारात मिळते. न बोलता बघणारा नवरा कुठे विकत मिळतो? त्या विरजणाचं दही मला आंबटच लागलं.

मग मी घरी भुणभुण लावली. नवरा आधी गिरणीत होता, ती बंद पडल्यावर जवळच्याच औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात लागला. हाताचा चांगला, बोलायला कमी. एका रविवारी त्यांनी दोन लाकडी पट्ट्या कापल्या, दांड्या अडकवायला भोकं पाडली, दांड्यांसाठी वायरिंगचे पाइप आणले आणि छताला दोन कप्प्या लावल्या. मी मध्येच म्हटलं, "चार नको, पाच दांड्या करा."

"मोरी केवढी, गो?"

"तिच्याकडे चार आहेत."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही पट्ट्यांना पाचवं भोक पाडलं.

नाकापेक्षा मोती जड, तसं झालं. दांड्या इतक्या जवळ आल्या की कपडे एकमेकांना चिकटून राहायचे आणि भर उन्हाळ्यात कुबट वास मारायचे. शेवटी पाचवी दांडी मी रिकामीच ठेवायला लागले. त्यातून खुंटी. ती त्यांनी स्वतःच्या हाताच्या उंचीवर ठोकलेली, आणि ते चांगले ताडमाड. दोरी सोडायला मला पाटावर पाट ठेवून चढावं लागे. पण सांगणार कोणाला? पाच दांड्यांचा तोरा सगळ्या ओळीत मीच मिरवलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एका सकाळी शेजारीण उसनी नेलेली वाटी परत द्यायला आली आणि तिनं मला पाटांवर चढलेलं पाहिलं.

"अगं, खुंटी एवढी वर कशाला? यांनी तर मला भिंतीला उभं केलं, म्हणाले हात वर कर, आणि पेन्सिलनं खूण केली. ये, दाखवते."

बघायची काही गरज नव्हती. तरी गेले. जळणाऱ्या माणसाला बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

खूण होती. चुन्यावर बोटभर रेघ, खुंटीच्या बाजूला. ती दूध उतू जातंय म्हणून आत पळाली, तसा मी पटकन हात वर केला. मधल्या बोटाचं टोक बरोबर रेघेला लागलं. आम्ही दोघी एकाच उंचीच्या होतो. ती रेघ माझीही असू शकली असती, आणि नव्हती, याचा मला इतका राग आला की तिनं पुढे केलेला चहा न घेताच मी घरी आले.

संध्याकाळी ते दारात चप्पल काढत होते, तेव्हाच म्हटलं, "ती खुंटी खाली घ्या. माझा हात पोचत नाही."

ते ओशाळले. "मग आदी सांगूक काय झाला तुका?"

हातपायसुद्धा न धुता त्यांनी खुंटी काढली. मी भिंतीला टेकून हात वर केला, त्यांनी माझ्या बोटांपाशी खुंटी ठोकली. पाच मिनिटंही लागली नाहीत. दोरी आता हातात येत होती, उभ्या उभ्या.

पण हात वर कर, असं त्यांनी म्हटलं नव्हतं. तो मीच केला होता.