आखाजीची बैठक

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशातल्या लेकींचा माहेरी येण्याचा सण. त्याच दिवशी बैठक ठेवणारी खानदेशातली सासुरवाशीण एकच, ती म्हणजे मी. परदेशी मदतसंस्थेच्या धुळ्याच्या कार्यालयात मी नवी अधिकारी होते आणि गळ्यातल्या ओळखपत्राने मान भलतीच ताठ झाली होती. नाताळची सुट्टी आमच्या गोऱ्या साहेबांना आणि मला. गावोगावच्या सेविकांना मात्र मी फर्मान धाडलं, गैरहजर राहील तिचं काम जाईल.

सगळ्या आल्या आणि साहेबांसमोर माना खाली घालून बसल्या. नरडाण्याकडची एक तेवढी उठली. नवीच लागलेली, नावही मी विचारलं नव्हतं. तिने चहाचा कप विसळून जागेवर ठेवला, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "लेकनी पहिली आखाजी शे, मी घर जास. साहेबले इचार, नाताळले त्यानी माय वाट देखस का नही?"

मी चाचरत भाषांतर केलं. साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आज सण आहे हे तुम्ही का सांगितलं नाही?" बैठक तिथेच मोडली.

कामावर पाणी सोडायला निघालेल्या त्या बाईने आधी कप विसळून जागेवर ठेवला होता, याचं मला आजही नवल वाटतं.

फाटकापाशी तिला गाठून मी माफी मागणार, तर तिनेच माझ्या हातातली फाईल काढून कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाली, "तुनी माय बी वाट देखत व्हई ना? चाल, एस्टी लागेल शे."