बाबा तोंडेला माणसाचा रोल

माझं दुकान मंडप आणि लाउडस्पीकरचं. हिंगोलीत कुणाचं लग्न असो, सभा असो, नाटक असो, कर्णे माझेच. त्यामुळं झालंय काय, वायरींच्या वेटोळ्यांसारखे दुकानात किस्सेपण साचलेत. एक ओढायला जावं तर सात गुंतून बाहेर येतात! आणि त्यातल्या निम्म्याला शेवटी बाबा तोंडेच लटकलेला असतो.

बाबा म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचा नट. जन्म नायजेरियाचा. बापाची तिकडं फिरती नाटक कंपनी होती, त्यामुळं रांगता रांगताच स्टेजवर चढलेला. नव्वदीच्या सुरवातीला परभणीकडं शेतीचं शिकायला आला आणि दसऱ्याचं प्रदर्शन बघायला म्हणून एकदा हिंगोलीत उतरला. तिथं आमचं नाटक चालू होतं. नाटक इतकं भिकार होतं, की त्याला राहवलं नाही. मध्यंतरात विंगेत येऊन म्हणाला, "मैं कुछ हेल्प करूं?"

तो जो हेल्प करायला लागला, तो हिंगोलीतच राहिला. डिग्री घेतली, इंग्रजीचा क्लास काढला, आणि क्लास सुटला की तालमीला हजर.

*

त्याचं खरं नाव बाबातुंडे. पहिल्या नाटकाचं हँडबिल छापून आलं, त्यात ठळक अक्षरात होतं: 'प्रथमच रंगभूमीवर, श्री. बाबा तोंडे!'

मी तणतणत प्रेसमध्ये गेलो. "काका, नाव चुकलं की!"

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "चुकलंच होतं. कुणीतरी बाबा आन् तोंडे एकत्र जोडून लिवलं होतं, वर काना-मात्रा सोडून खाली उकार दिला होता. म्या दुरुस्त केलं. आभार राहू द्या."

बाबाला हँडबिल दाखवलं. तोंडे म्हणजे काय, हे पण सांगितलं. तो गडगडाटी हसला. म्हणाला, "नट के लिए इससे अच्छा नाम क्या होगा?"

पण आडनाव आलं की चौकशी आलीच. कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यावर आमी जेवायला थांबलो होतो. तोवर बाबा मराठी फाडफाड बोलायला लागला होता. ढाबेवाल्यानं भाकर वाढता वाढता विचारलं, "तोंडे म्हंजी बीडकडचे का तुमी?"

"न्हाई, लागोसचे."

"लागोस... औशाजवळ आलं का?"

"त्याच्या बरंच खाली."

ढाबेवाल्यानं बाबाकडं नीट निरखून पाहिलं आणि मान डोलावली. "व्हय, व्हय. तिकडं ऊन लई असतंय!"

*

आता आमचे दिग्दर्शक पतंगे सर. हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. नाटक लिहायचे तेच, बसवायचे तेच, मेन रोल करायचे तेच, आणि दुसऱ्या दिवशी "काम कसं वाटलं माझं?" असं विचारत मोंढ्यात फिरायचे तेपण तेच!

सरांनी बाबाला पहिल्या वर्षी यमदूत केलं. दुसऱ्या वर्षी यम. हे आमच्यात प्रमोशन! मग राक्षस, मग स्मगलर, मग त्या पहिल्या राक्षसाचा भाऊ. डायलॉग म्हणाल तर एकच, "हा हा हा!" तोपण सर कापायला बघायचे. म्हणायचे, "तोंडे, तुमची पर्सनॅलिटीच बोलते. शब्दांची गरजच काय?"

आता सरांचंच बघा. स्वतः लिहिलेली वाक्यं स्वतःला पाठ नसायची. आणि हा बिनडायलॉगाचा राक्षस तालमीत भाला धरून उभ्या उभ्या अख्खं नाटक पाठ करून बसायचा!

एकदा आखाडा बाळापूरच्या प्रयोगात सरांनी राक्षसाला मारलं. बाबा धाडदिशी पडला. सर त्याच्या छातीवर पाय देऊन उभे राहिले, हात वर केला, आणि... गप्प! वाक्यच आठवेना. प्रॉम्प्टर नेमका लघवीला गेलेला. सर नुसते हात वर करून घामाघूम. शेवटी मेलेल्या राक्षसाला कीव आली. तो पडल्या पडल्या कुजबुजला, "सर, 'हे भूमाते, आज तुझा भार हलका झाला'..."

पण बाबाचं कुजबुजणं ते! माझा माईक बंद असूनपण शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मागून एक पोरगं ओरडलं, "ओ मास्तर, तुमी पडा! राक्षसाला उठवा, त्याला येतंय!"

*

परदेशी माणूस म्हणून त्याला दरवर्षी कचेरीत कागद दाखवायला जावं लागायचं. एकदा नवीन साहेब आले होते. जिल्हा नवा, साहेब नवा, आणि अख्ख्या जिल्ह्यात साहेबाला इंग्रजी दाखवायला परदेशी पाहुणा एकच. त्यांनी खुर्चीतून उठून, बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द ओरडून विचारलं, "हाऊ... डू यू... लाइक... हिंगोली?"

बाबा म्हणाला, "बरं हाय साहेब, पण नळाला आठ दिवसाआड पाणी येऊन राहिलं. तेवढं बघा."

साहेब मटकन खाली बसले. त्यानंतर बाबाचा कागद कधी अडला नाही आणि नळाचं पाणी कधी वाढलं नाही.

*

बाबाच्या लग्नाची गंमत तर विचारूच नका. आमचा मेकअपवाला सलीमभाई, धंद्यानं सलूनवाला. त्याच्या खुर्चीत बसून अर्ध्या जिल्ह्याच्या सोयरिकी जुळतात. दवाखान्यात कमल नावाची नर्स होती, बाळापूरकडच्या तांड्यावरची. तिचं आणि बाबाचं एकमेकांवर मन बसलेलं. आता तिच्या बापाला सांगायचं कुणी? सलीमभाई गेला. थाटात सांगून आला, "पोरगा परदेशात सेटल झालाय!"

म्हातारा खूष! तांड्यावर बातमी झाली. आमी जीपनं गेलो. बाबा खाली उतरला. म्हाताऱ्यानं एकदा बाबाकडं बघितलं, एकदा सलीमभाईकडं. "परदेशात सेटल हाय म्हणला होता ना तुमी?"

"व्हय ना. इसके लिए परदेसच है ना, चाचा! हिंगोलीत सेटल झाला!"

मला तर जीप चालू ठेवायला सांगावं असं वाटायला लागलं. म्हाताऱ्यानं बराच विचार केला. "म्हंजी पोरगी हिंगोलीतच ऱ्हाईल?"

"व्हय."

"मंग चांगलंच हाय की! खरंच परदेशात गेली असती तं कवा दिसली असती?"

तांड्यानं जावई एका दुपारीत पचवला. आमच्या मंडळातल्या शिकल्या-सवरलेल्यांना मात्र वर्षभर पोटात दुखत होतं.

*

पुढं एका मराठी सिनेमावाल्याला नायजेरियन स्मगलर पाहिजे होता. औरंगाबादला शूटिंग. मी बाबाचा सेक्रेटरी म्हणून गेलो. म्हणजे त्याच्या खर्चानं जेवलो. सीन असा, की हिरो याला बांधतो आणि हा चवताळून बोलतो. कॅमेरा चालू झाला. बाबानं डोळे वटारले आणि दणकून म्हणाला, "ए, काहून बांधून राहिला बे मला? तुझ्या बापाचं काय खाल्लं म्या?"

अख्खं युनिट हसून हसून लोळलं. डायरेक्टर डोक्याला हात लावून आला. "अहो, तुम्ही नायजेरियन आहात ना?"

"व्हय."

"मग नायजेरियनसारखं मोडकं-तोडकं बोला!"

बाबानं मनापासून प्रयत्न केला. पण येईना! दहा वर्षं हिंगोलीत घासून बसवलेली जीभ मोडायची कशी? शेवटी डायरेक्टर म्हणाला, "ओठ हलवा नुसते. आवाज आम्ही बघून घेऊ."

सिनेमा हिंगोलीत लागला तेव्हा अर्धं गाव थेटरात. पडद्यावर बाबा आला, शिट्ट्या! बाबानं तोंड उघडलं आणि कुठल्यातरी नाकातल्या आवाजात निघालं, "हम टुमको छोडेगा नाय!" क्षणभर कुणाला काही कळेना. मग पब्लिक खवळलं. "आवाज काहून बदलला बे? आमचा माणूस हाय त्यो!" ऑपरेटरला रीळ थांबवावं लागलं. त्याला बिचाऱ्याला वाटलं, मशीनच बिघडली.

सगळे हसत होते. मी शेजारी बसलेल्या बाबाकडं बघितलं. तो एकटाच हसत नव्हता. मलापण मग पुढं हसू आलं नाही.

*

बाबाची लेक सोनू शाळेत जायला लागली त्या वर्षाची गोष्ट. तालमीच्या पहिल्या दिवशी बाबा सरांसमोर जाऊन उभा राहिला. "सर, यंदा मला माणसाचा रोल द्या."

सर म्हणाले, "म्हणजे?"

"लेकराला शाळेत पोरं चिडवून राहिली. तुझा बाप राक्षस हाय म्हणतात. काल घरी येऊन इचारलं तिनं, पप्पा, तुमी खरंच माणसं खाता का? एकदा तरी तिला मला माणूस म्हणून बघू द्या सर. कसाबी चालंल. पण घर असलेला, लेकरंबाळं असलेला माणूस."

आमी सगळे खाली बघायला लागलो. सरांनापण लागलं असावं, कारण ते चक्क दोन मिनिटं स्वतःबद्दल काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक. यंदा तुम्हाला माणूस देतो."

आणि दिला काय? इंग्रज कलेक्टर! "शेवटी परदेशीच लागतो ना तोंडे! आणि इंग्रजी तुमच्याइतकं कुणाला येतं?"

सलीमभाईनं कपाळाला हात लावला आणि पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. लावतोय, लावतोय, डबा संपला! पहिल्या अंकात बाबा चुना मारलेल्या भिंतीसारखा दिसत होता. त्यात माझे हजार-हजार वॅटचे दिवे. घामाच्या धारा लागल्या, आणि दुसऱ्या अंकापर्यंत इंग्रज साहेब गळ्यापासून कपाळापर्यंत अर्धा स्वतंत्र झाला!

लोक पोट धरून हसले. सोनू हसली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला नवीन नाव पडलं, चुन्याची पोरगी.

*

आणि मग नांदेडची स्पर्धा.

सरांनी त्या वर्षी खरंच बरं नाटक लिहिलं होतं. चुकून होतं माणसाकडून! हळद शिजवायच्या कढईवर जन्म घातलेला एक म्हातारा. पोरीचं मोठ्या घरी जमलेलं, मांडव त्यांच्याच दारी, आणि तिच्याच हळदीच्या दिवशी याला मांडवात कुणी बोलावत नाही. म्हाताऱ्याचा रोल अर्थातच सरांचा. पण स्पर्धेच्या तोंडावर सरांना निवडणुकीची ड्यूटी लागली. सरांनी पाठदुखी सांगून बघितली, सासू आजारी पाडून बघितली. ड्यूटी काही सुटेना.

आता म्हातारा कोण करणार? सगळं नाटक पाठ असलेला माणूस आमच्यात एकच होता. सर जड मनानं म्हणाले, "तोंडे, सांभाळून घ्या. फार अभिनय करू नका."

सलीमभाईनं बाबाच्या मिशीला आणि केसांना थोडी सफेदी लावली. तोंडाला बोटसुद्धा लावलं नाही. म्हणाला, "इसको क्या करने का? बापच है ये."

कमल सोनूला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली होती. बाबा स्टेजवर आला. भाला नाही, शिंगं नाहीत. मळकं धोतर, खांद्यावर पंचा. मांडवाच्या बाहेर उभा राहिला. आतून बायांचा हसण्याचा आवाज येतोय, आणि हा हळदीनं पिवळे झालेले हात कुठं लपवावेत म्हणून पंचाला पुसतोय, परत पुसतोय. म्हणाला, "म्या शिजवलेली हळद आत गेली. म्या भाईरच ऱ्हायलो."

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सोनूचा आवाज आला, "आई, पप्पाला आत काहून घेऊन नाही राहिले?"

थेटरात कुणी खोकलंपण नाही. वीस वर्षं कर्णे लावतोय मी, एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली?

निकालाला मुंबईचे परीक्षक उभे राहिले. आमी सगळे बाबाच्या पाठीवर थापा मारत बसलो होतो. अभिनयाचा पहिला नंबर दुसराच कुणीतरी घेऊन गेला. परीक्षक म्हणाले, "हिंगोलीच्या श्री. बाबा तोंडे यांनी काम चांगलं केलं. अस्सल इथल्या मातीतली भाषा! पण खरं सांगू का, निम्मं काम त्यांच्या रंगभूषेनंच करून टाकलं. उन्हानं आणि कढईच्या वाफेनं करपलेला तो चेहरा! असा रंग मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. म्हणून रंगभूषेचं पहिलं बक्षीस, सलीमभाई, हिंगोली!"

टाळ्या पडल्या. आमच्या रांगेत कुणी टाळी वाजवेना. सलीमभाई जागचा हलेना. "मैं नहीं जाता. मैंने क्या किया? जिसका है, वही लेगा," म्हणून त्यानं बाबाला ढकललं.

बाबा उठला. धोतरावरच स्टेजवर गेला. परीक्षकांनी त्याच्या हातात सर्टिफिकेट दिलं, जवळून बघितलं आणि लाडानं म्हणाले, "अहो तोंडे, नाटक संपून दोन तास झाले. अजून रंग उतरवला नाहीत?"

बाबानं तिसऱ्या रांगेत सोनूकडं बघितलं. सर्टिफिकेट उंच धरून तिला दाखवलं. मग परीक्षकांना म्हणाला, "निघून न्हाई राहिला, साहेब. पहिल्या नंबरचा हाय!"