चार पावलं न चालवता दिलेला दाखला

शाहूपुरीतल्या एका बुकबाइंडरला त्याच्या सख्ख्या पुतण्याने फसवले आणि एका डॉक्टरच्या दाखल्याने त्या फसवणुकीला आधार दिला. मी निवृत्त झालो, पण हे प्रकरण डोक्यातून गेलेले नाही.

सत्तरीचा तो माणूस सकाळी हजेरीच्या वेळी ठाण्यात आला. पँट ओली, चाल अडखळती. "माझं दुकान नेलं की," एवढेच म्हणायचा. कुणी नेले, ते आठवेना.

हवालदार म्हणाला, "साहेब, सकाळीच टाकून आलाय."

मी त्याला व्हरांड्यातल्या फरशीच्या रेघेवरून चालवले. दारुड्यांसाठी आमची ही जुनी पद्धत. रेघ चुकली. मी खेकसलो आणि त्याला दारूच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात पाठवले.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंचा फोन आला. "दारूचा थेंब नाही, साहेब. दारुडा झोकांड्या खातो. यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे ओढले जातात. लघवी सुटते, विसर पडतो. मेंदूत पाणी साठलं असेल. तसं असेल तर हे बरं होऊ शकतं."

स्कॅनमध्ये तेच दिसले. त्यांनी पाठीच्या मणक्यातून थोडे पाणी काढले. दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात पाय उचलून चालला.

इकडे मी पुतण्याला बोलावले. त्याने टेबलावर दोन कागद आपटले: दुकानाचे नोंदणी केलेले बक्षीसपत्र आणि 'म्हातारपणाचा विसर, बरा होणार नाही' असा दाखला.

"काकांचं डोकं गेलंय, साहेब. त्यांचं काय मनावर घेताय?"

दाखला बक्षीसपत्राच्या महिनाभर आधीचा होता.

"पावणं," मी म्हणालो, "डोकं गेलं हुतं, तर सही कशी चालंल? शाबूत हुतं, तर दाखला कशाला? दोन्ही मिळणार न्हाईत. कुठला ठेवता, बोला."

त्याने आधी एका कागदाकडे हात नेला, मग दुसऱ्याकडे. शेवटी म्हणाला, लाइट बिलाचं काम सांगून काकांना नोंदणी कार्यालयात नेलं आणि सही घेतली.

डोक्यातले पाणी पोटात उतरवणारी नळी बसवल्यावर काही आठवड्यांनी बाइंडर जबाबाला आला. जबाब स्वतः वाचून त्याने दोन चुका दाखवल्या. आमची फाइल उलटून म्हणाला, "ही कुणी शिवली? माझ्यापेक्षा हिचं डोकं जास्त गेलंय." बक्षीसपत्र कोर्टात रद्द झाले.

मी शिपायापासून वर आलो. माणूस चालीवरून ओळखतो, हा माझा तोरा होता. त्या रेघेवर मीही चुकलो. ती चूक मी अहवालात लिहून दिली. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना मात्र मी दोनदा पत्र पाठवले, उत्तर नाही. त्यांच्या एका ओळीवर एक बरा होणारा माणूस आयुष्यभर वेडा ठरला असता. त्याला चार पावलं चालवून का पाहिले नाही, हे त्यांनी आता तरी सांगावे.