तांब्याचा तांबडा

विजयसिंह सर आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत्यात, असं दारावरच्या पाटीवर लिवलंय म्हणून म्हणायचं. संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. बावीस वर्षांत परीक्षानळी हातात धरलेली मी बघितली न्हाय, चहाचा कप मात्र खाली ठेवत न्हाईत. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. मी आकाराम, लॅबचा शिपाई, आठवी नापास. बाटल्या मी भरतो, नळ्या मी विसळतो, आणि कशात काय घातल्यावर तळाला कुठल्या रंगाचा साका बसतो, ते पोरं मलाच इचारत्यात.

सरांचं सगळं शास्त्र एका वाक्यात. पांढरा साका आला की जस्त, तांबडा आला की तांबं. "म्हणून तर तांबडा म्हणत्यात, लेको," असं छाती फुगवून सांगणार. असल्या माणसाला सरकार पगार देतंय.

यंदा बारावीच्या प्रॅक्टिकलला कागलची क्रांती होती. लेखी पेपरला पोरगी घाबरती, म्हणून सगळी भिस्त ह्याच गुणांवर. तिच्या नळीत अमोनियाचं पाणी घातल्यावर सगळ्यांसारखाच विटकरी साका बसला. सर बाकाबाकावर जाऊन कुजबुजत होते, "तांबं लिवा." सगळ्यांनी लिवलं. हिनं लोखंड लिवलं.

"सर, आमचं आण्णा टोमॅटोवर मोरचूद मारत्यात," ती म्हणाली. "त्यात तांबं असतंय आणि ते निळं असतंय की."

"तुझा आण्णा प्राध्यापक हाय काय?" म्हणत सरांनी तिचं उत्तर लाल पेनानं खोडलं आणि वर आपल्या हातानं तांबं लिवलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेरनं आलेल्या परीक्षक नुजहत मॅडमनी ते पान उचललं. "हे कुणी खोडलं?"

"पोरगीच गडबडली, मॅडम," सर म्हणाले.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. नोकरी गेली तर जाऊ दे. कपाटातनं मोरचुदाची बाटली काढली, चिमूटभर मोरचूद पाण्यात विरघळवलं, अमोनियाचं दोन थेंब सोडलं आणि नळी सरांच्या नाकाम्होरं धरली. साका निळा बसला.

मॅडमनी सरांच्या खिशातल्या लाल पेनाकडं बघितलं, लाल रेघेशेजारी सही केली आणि क्रांतीला पूर्ण गुण दिले. तांबंवाल्यांचे कापले.

सर माझ्या कानाशी आले. "आकाराम, बाटली बदलली न्हाईस न्हवं?"

"न्हाय सर. तांबं पयल्यापासनं निळंच उतरतंय."