हळदी-कुंकवाची पालकसभा

आमच्या प्राथमिक शाळेत नुसती पालकसभा बोलावली तर बाकं रिकामी राहतात. म्हणून संक्रांतीनंतर आम्ही शिक्षिका सभेला हळदी-कुंकू जोडून देतो. वाणाला प्लास्टिकची गाळणी ठेवली की वर्ग आयांनी भरतो.

यंदाही भरला. मुलांनी आपापल्या आईला धडा वाचून दाखवायचा, एवढंच खरं काम होतं. पण तिळगूळ आणि गाळणी हातात पडताच "बाई, नळाला पाणी यायची वेळ झाली," म्हणत बायका उठू लागल्या. दुसरीतली सायली मात्र पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून फाटकाकडे बघत होती. बाहेर तिची आई उभी होती. गेल्या पावसाळ्यात सायलीचे वडील गेले.

मी लगबगीनं फाटकाशी गेले. "अहो, आत या ना."

"नको बाई, आज हळदी-कुंकू आहे," ती हळूच म्हणाली. "मी इथूनच ऐकते."

तिला कुणी अडवलं नव्हतं. आमच्या आमंत्रणानंच ते काम केलं होतं. पालकांनी यावं म्हणून आपण दार उघडतो, त्याला उंबरठाही आपणच घालतो, आणि वर म्हणतो, पालकांना आस्थाच नाही.

सायली वर्गाच्या दारात येऊन घसा ताणून वाचू लागली. मागे बायकांच्या बोलण्या-हसण्याचा गलका चालूच होता. फाटकापाशी तिची आई कौतुकानं मान डोलवत होती. मी तिच्या शेजारीच उभी होते. तिथे एक अक्षरही ऐकू येत नव्हतं.