चक्रीच्या फळ्यांखाली

मंडळी, इथं धक्क्यावर होडीची वाट बघत ‘इंजिन आलं, माणसं सुटली’ असं परत म्हणू नका! तुम्ही खेळबागेतली ती लाकडी घोड्यांची चक्री वरूनच पाहिलीत. मी कॉलेजच्या सुट्टीत तिच्या फळ्यांखाली, अंधारात वाकून, दांडा ढकलत चालायचो. वर पोरांना वाटायचं, घोडे आपोआप पळतात.

माझ्या पुढे धर्मामामा असायचे. त्यांची अर्धी हयात त्या फळ्यांखालीच गेली. बाहेर आले तरी वाकूनच चालायचे.

आज सकाळी दिघीच्या त्या खेळबागेत गेलो. चक्रीला तेलाचं इंजिन बसलंय. खाली ढकलणाऱ्या सगळ्यांना मालकानं घरी जायला सांगितलं आणि जाता जाता घोड्यावर एक फेरी फुकट दिली.

मामा पहिल्यांदाच वर बसले. चक्री फिरायला लागली, तसे त्यांचे पाय हवेत चालायला लागले.

“मामा, पाय थांबव की! आता घोडा पळतोय!” खालून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो.

उतरल्यावर मामांनी मला विचारलं, “तू शिकलेला हायस. उद्या सकाळी उठून मी कुठं जाऊ?”

तुम्ही काय सांगितलं असतंत त्यांना?

राहू दे. आगरदांड्याची होडी सुटतेय, मी चाललो.