लाँचवरचा फ्रिज

"भिया, जरा डावीकडे खिसका."

माणसाने लाँचवर पाय ठेवला रे ठेवला की मिस्त्री हे म्हणायचे. नमस्कार-चमत्कार नंतर.

लाँच राजेसाहेबांच्या हौसेची. संस्थान विलीन झालं तशी ती तलावासकट मध्यभारत सरकारच्या गळ्यात पडली आणि तिच्याबरोबर मिस्त्रीही. हातोदच्या बाजूला, त्याच तलावाच्या कचेरीत मी कारकून होतो. लाँचमध्ये घासलेटवर चालणारा एक फ्रिज होता. खाली ज्योत पेटवायची आणि वर बर्फ जमायचा. मला हे आजतागायत पटलेलं नाही, पण तो बर्फ मी खाल्लाय.

फ्रिजची खोड एकच, जरा कलला की रुसायचा. ज्योत जळतेय, घासलेट संपतंय आणि आत सगळं कोमट. त्यात मिस्त्रींच्या बायकोचं इन्सुलिन असायचं. काकूंना डायबिटीस, रोज सुई. आसपास दुसरा फ्रिज नव्हता आणि बर्फासाठी इंदूर गाठावं लागे. आमच्या साहेबांना सगळं ठाऊक होतं, ते कानाडोळा करायचे. तुम्ही म्हणाल, फ्रिज जमिनीवर का नाही आणला? अहो, तो लाँचच्या लाकडात ठोकलेला. सरकारी खिळा उपटायचा तर ग्वाल्हेरची मंजुरी लागे.

उन्हाळ्यात तलाव आटला की लाँच एका अंगाने चिखलाला टेकायची आणि उजवीकडे कलायची. मग मिस्त्री फ्रिजवर पाण्याची वाटी ठेवायचे आणि पाणी काठाशी सारखं होईतो वाळूची पोती ओढत बसायचे. वात कातरायचे, धुरांड्यातली काजळी खरवडायचे, पुन्हा वाटीत बघायचे. शेवटचं बारीक काम माझ्याकडे. माझं वजन तेव्हाही नाव घेण्यासारखं होतं. चहाचा कप घेऊन मी डाव्या बाकावर बसलो की ते मला वीतभर पुढे, चार बोटं मागे करायचे. सरकारी नोकरीत माझा इतका नेमका उपयोग दुसऱ्या कुणी केला नाही. मला त्या माणसाचा लळा होता.

उन्हाळ्यात मध्यभारताची राजधानी ग्वाल्हेरहून इंदूरला यायची. अशाच एका उन्हाळ्यात एक मंत्री लाँचवर हवा खायला आले. सावली उजवीकडे, म्हणून सगळा लवाजमा तिकडेच. मिस्त्रींनी वाटीकडे पाहिलं आणि थेट मंत्र्यांनाच म्हणाले, "साहेब, जरा डावीकडे खिसका."

आमच्या साहेबांचा चेहरा पडला. मंत्र्यांनी कारण विचारलं.

"फ्रिजमध्ये बायकोची दवा आहे. लाँच कलली की खराब होते."

मंत्री मुकाट उठले आणि भर उन्हात माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्यामागून बाकीचेही आले, तशी लाँच डावीकडे कलली. मिस्त्रींनी त्यातल्या चौघांना परत पाठवलं. त्यात आमचे साहेबही होते.

काकू मृग लागायच्या आधीच गेल्या. दवा शेवटपर्यंत थंड होती, दुखणंच हाताबाहेर गेलं होतं.

तेरावं आटोपून मिस्त्री कामावर आले. वात कातरली, ज्योत पेटवली, फ्रिजवर वाटी ठेवली. मग दार उघडून रिकाम्या फळीकडे बघत उभे राहिले. 

वाटीतलं पाणी उजव्या काठाला लागलं होतं. ते आता म्हणतील, मग म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली. ते फळीकडेच बघत होते.

मग मी कप उचलला आणि आपणच डावीकडे खिसकलो.